चियांग माईची लोकसंख्या तीन ठिकाणी तीन का सापडते?

पुण्यात नगररचना शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न थोडक्यात असा आहे: "प्रबंधासाठी मी थायलंडमधलं चियांग माई निवडलंय. शहराची लोकसंख्या एका ठिकाणी सव्वा लाख मिळते, दुसरीकडे सव्वादोन लाखांच्या पुढे आणि तिसरीकडे जवळपास अठरा लाख. क्षेत्रफळ कुठे ४० चौरस किलोमीटर, कुठे १५२. शहराला महापौर आहे आणि गव्हर्नरही आहे. 'मुआंग चियांग माई' म्हणजे नेमकं काय, आणि मी कोणता आकडा खरा धरू?"

तुम्हाला सापडलेले तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. प्रश्न आकड्यांचा वाटतो, पण मुळात तो हद्दीचा आहे. चियांग माई या एकाच नावाखाली तीन वेगळ्या रेषा आखलेल्या आहेत, आणि प्रत्येक रेषेच्या आत कारभार पाहणारा वेगळा आहे. उत्तर थायलंडमधलं पाणी आणि वस्ती यांचे नकाशे करण्यात माझी पंधराएक वर्षं गेली. त्यात सर्वाधिक चुका याच ठिकाणी झालेल्या पाहिल्या, त्यातली एक माझी स्वतःची होती. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण अर्धा घोळ भाषांतरातला आहे. थायलंडमध्ये बँकॉक वगळता ७६ 'चांगवात' आहेत. इंग्रजीत त्यांना प्रॉव्हिन्स म्हणतात, म्हणून मराठीत 'प्रांत' किंवा 'राज्य' लिहिलं जातं. चांगवातच्या खाली 'अंफो' येतो (यातला फ 'फळ'मधला). त्याला इंग्रजीत डिस्ट्रिक्ट म्हणतात, म्हणून मराठीत तो 'जिल्हा' होतो. इथेच पायरी चुकते. कामाच्या दृष्टीने पाहिलं तर चांगवात आपल्या जिल्ह्याच्या जवळ आहे आणि अंफो तालुक्याच्या. अंफोखाली 'तांबोन', म्हणजे काही गावांचा गट, आणि त्याखाली 'मूबान', म्हणजे गाव. चियांग माई चांगवातात २५ अंफो आहेत. त्यातला चांगवातचं मुख्यालय असलेला अंफो म्हणजे 'अंफो मुआंग चियांग माई'. तुमच्या प्रबंधात त्याला 'मुख्यालयाचा तालुका' म्हणा, म्हणजे पुण्यातल्या वाचकाला लगेच कळेल.

'गव्हर्नर'चंही तसंच. मराठी बातम्यांमध्ये 'चियांग माईचे राज्यपाल' असं वाचलं की मी थबकतो. हा अधिकारी बँकॉकचं गृह मंत्रालय नेमतं, त्याची बदली होते, ठरलेल्या वयात तो निवृत्त होतो. आपला त्यातल्या त्यात जवळचा शब्द जिल्हाधिकारी. त्याच्या हाताखाली प्रत्येक अंफोत 'नाय अंफो' असतो, तोही नेमलेला, साधारण तहसीलदार आणि गटविकास अधिकारी यांच्या मधला. तांबोनचा 'कामनान' आणि गावचा 'फू याय बान' मात्र गावकऱ्यांमधून येतात आणि सरकारकडून मानधन घेतात. फू याय बान एकदा निवडून आला की वयाच्या साठाव्या वर्षापर्यंत राहू शकतो. जुन्या काळच्या गावच्या पाटलाची आठवण व्हावी असं हे पद आहे: सरकारचा गावातला माणूस आणि गावाचा सरकारदरबारी माणूस.

ही झाली वरून खाली येणारी साखळी. त्याच जमिनीवर दुसरी साखळी आहे, ती लोकांनी निवडलेल्या संस्थांची. शहरी भागात 'थेसाबान', म्हणजे नगरपालिका. तिचे लहान-मोठे तीन दर्जे आहेत, त्यातला सर्वात वरचा 'थेसाबान नाखोन'. ग्रामीण तांबोनांत तांबोन प्रशासन संघटना असते आणि पूर्ण चांगवातासाठी आपल्या जिल्हा परिषदेसारखी एक निवडून आलेली संस्था. तुम्ही म्हणता तो महापौर थेसाबानचा. मराठी वाचकाला इथे एक गंमत दिसेल: हे बहुतेक शब्द आपल्याच घरातले आहेत. नाखोन म्हणजे नगर. थेसाबान म्हणजे देश अधिक पाल. महापौर म्हणजे 'नायोक थेसामोंत्री', नायक आणि देशमंत्री. पण नावं ओळखीची म्हणून अधिकारही ओळखीचे समजू नका. शब्द संस्कृत-पालीतून आले असले तरी यंत्रणा सयामच्या, म्हणजे तेव्हाच्या थायलंडच्या, दरबारात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी घडली.

ती कशी घडली ते पाहिलं की 'मुआंग' या शब्दाचा पेच सुटतो.

मुआंग हा जुना ताई शब्द. शहर, राज्य, मुलूख हे तिन्ही अर्थ त्यात एकत्र नांदतात. जुन्या मुआंगला ठळक केंद्र असायचं, पण काठाला आखीव रेषा नसायची. राजाचा वचक जिथपर्यंत पोचेल तिथपर्यंत मुआंग. मांगराय राजाने १२९६ साली पिंग नदीच्या पश्चिमेला, दोई सुथेप डोंगराच्या पायथ्याशी चियांग माई वसवलं. त्याआधीची त्याची राजधानी वियांग कुम काम पिंगच्या पुराने त्रस्त होती. नव्या जागी जमीन डोंगराकडून नदीकडे हळूहळू उतरते. डोंगरातलं पाणी खंदकात येतं आणि पूर्वेकडे निघून जातं. सुमारे दीड किलोमीटर बाजूचा तो चौरस खंदक आजही कोणत्याही उपग्रहचित्रात ठळक दिसतो. लक्षात घ्या, आजच्या तिन्ही हद्दींपैकी एकही त्या खंदकावरून जात नाही. खंदकाच्या आतलं जुनं शहर मुख्यतः सी फूम आणि फ्रा सिंग या दोन तांबोनांत येतं, बस्स.

१५५८ मध्ये शहर ब्रह्मदेशच्या ताब्यात गेलं आणि पुढची दोनशेहून अधिक वर्षं बराच काळ तिथेच राहिलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस लढायांनी ते इतकं रिकामं झालं की काही वर्षं ओस पडलं. १७९६ मध्ये कावीला या स्थानिक राजाने ते पुन्हा वसवलं. त्याच्या धोरणाबद्दल तिकडे एक म्हण सांगतात, तिचा आशय असा: भाजी खुडून टोपलीत भरावी, तशी माणसं गोळा करून मुआंगमध्ये भरावीत. उत्तरेकडच्या आणि सालवीन खोऱ्यातल्या वस्त्याच्या वस्त्या आणून त्याने शहराभोवती वसवल्या. खंदकाच्या दक्षिणेला हाय या तांबोनात वुआ लाय हा चांदीकाम करणाऱ्यांचा भाग आहे, तो याच स्थलांतरातून आलेला. नगररचनेच्या विद्यार्थिनीने हा भाग पायी फिरून पाहावा असं मला मनापासून वाटतं. आतला चौरस खंदक, बाहेरचा मातीचा तट आणि त्या दोघांच्या मध्ये कसबानुसार वसलेले मोहल्ले. शहराची खरी रचना तिथे कळते.

एकोणिसाव्या शतकापर्यंत चियांग माईचे राजे बँकॉकचे मांडलिक होते, पण घरचा कारभार त्यांचाच होता. तो हातातून गेला सागवानापायी, आणि इथे मुंबईचा खरा संबंध येतो. ब्रह्मदेशातून आलेले ब्रिटिश प्रजाजन इथल्या जंगलांचे ठेके घेत. एकच जंगल दोघा-तिघांना दिल्याचे वाद होत, खटले चालत. ते मिटवायला ब्रिटिश आणि सयाम यांच्यात १८७४ आणि १८८३ मध्ये चियांग माईचे दोन तह झाले. १८६३ मध्ये मुंबईत स्थापन झालेली बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन उत्तर सयामच्या सागवान व्यापारातल्या बड्या कंपन्यांपैकी एक होती. तह पाळायचे तर बँकॉकला इथे आपला अधिकारी बसवणं भाग पडलं, आणि अधिकारी आला की मागोमाग करवसुली, न्यायालय आणि वनखातं आलं. नव्या करांविरुद्ध १८८९-९० मध्ये फाया फाप याचा उठाव झाला, तो मोडला गेला. १८९६ मध्ये सयामचं वनखातं सुरू झालं आणि त्याचा पहिला प्रमुख हर्बर्ट स्लेड ब्रिटिश ब्रह्मदेशाच्या वनसेवेतून आला होता.

त्याच दशकात राजपुत्र दामरोंग याने गृहमंत्री म्हणून सगळ्या देशाला एकाच साच्यात बसवलं. अनेक मुआंग मिळून एक 'मोंथोन', म्हणजे मंडल, आणि त्यावर बँकॉकने नेमलेला आयुक्त. चियांग माई ज्या मोंथोनमध्ये गेलं त्याचं नाव 'फायाप', म्हणजे वायव्य. हे नाव मला फार बोलकं वाटतं. बँकॉकला मध्यभागी ठेवून पाहिलं तरच चियांग माई वायव्येला येतं. ज्या मुआंगचं स्वतःचं केंद्र होतं त्याची ओळख आता दुसऱ्या केंद्रापासूनच्या दिशेने होऊ लागली. १९१४ मध्ये स्थानिक प्रशासनाचा कायदा आला. तांबोन आणि गावाची चौकट अजून त्याच कायद्यावर उभी आहे, सुधारणा झाल्या तरी. १९१६ पासून 'मुआंग'ऐवजी 'चांगवात' हा शब्द आला, १९३३ मध्ये मोंथोन रद्द झाले, आणि १९३८ च्या राजाज्ञेने बहुतेक चांगवातांच्या मुख्यालयाच्या अंफोला 'मुआंग' अधिक चांगवातचं नाव अशी एकसारखी पद्धत लागू झाली. अयुथ्थयासारखा अपवाद आहे, तिथल्या अंफोच्या नावात मुआंग नाही.

म्हणजे काय झालं पाहा. जो शब्द एके काळी स्वतंत्र राज्याला लावला जाई तो एका तालुक्याच्या नावात उरला. चियांग माईचा शेवटचा राजा काएव नावारात १९३९ मध्ये वारला, त्यानंतर ती गादी भरली गेली नाही. जुन्या शहराच्या मध्यावर वियांग काएव हा राजवाड्याचा परिसर होता, तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तुरुंग उभा राहिला. तो पाडून तिथे उत्खनन झालं ते अगदी अलीकडे. जवळच तीन राजांच्या पुतळ्यामागे जुनं प्रशासकीय भवन आहे. चांगवातचं कार्यालय उत्तरेला चांग फुआक तांबोनात गेल्यावर त्या इमारतीत थेसाबानचं संग्रहालय आलं. केंद्राने नेमलेल्या सत्तेची वास्तू आज निवडलेल्या नगरपालिकेकडे आहे, आणि दोन्ही साखळ्या अजून शेजारी शेजारी चालू आहेत.

आता तुमच्या क्षेत्रफळांकडे येऊ. ४० चौरस किलोमीटर (नेमकं ४०.२१६) हे थेसाबान नाखोन चियांग माईचं. त्याच्या स्थापनेची तारीख २९ मार्च २४७८ अशी बौद्ध वर्षात दिलेली असते. सवयीने ५४३ वजा केले की १९३५ येतं आणि तेच पुष्कळ ठिकाणी छापलेलं आहे. पण त्या काळी थाई वर्ष १ एप्रिलला सुरू होई, त्यामुळे २४७८ मधला मार्च म्हणजे इसवी सन १९३६ चा मार्च. १९४१ पासून वर्ष १ जानेवारीला सुरू होऊ लागलं. त्याआधीच्या जानेवारी ते मार्चमधल्या प्रत्येक थाई तारखेला ही दुरुस्ती करा, प्रबंधात परीक्षकाने पकडण्यापेक्षा ते बरं.

थेसाबानची हद्द १९८३ मध्ये वाढून ४० वर गेली आणि तेव्हापासून तशीच आहे. शहर मात्र थांबलं नाही. १५२ चौरस किलोमीटर हा पूर्ण अंफो मुआंग, त्यात १६ तांबोन. थेसाबानात जुन्या शहराभोवतीचे काही तांबोन पूर्ण येतात, तर सुथेप, चांग फुआक, फा हाम, था साला, नोंग होय अशांचा फक्त काही भाग येतो. उरलेल्या भागात दुसऱ्या नगरपालिका आहेत, माए हिया त्यातलीच एक. विद्यापीठ आणि विमानतळ ज्या सुथेप तांबोनात आहेत त्याचा मोठा तुकडा राष्ट्रीय उद्यानाचं जंगल आहे. अठरा लाख ही संपूर्ण चांगवातची लोकसंख्या. त्यात कित्येक तासांच्या प्रवासावरचे डोंगराळ अंफोही आले. तिला शहराची लोकसंख्या म्हणता येणारच नाही.

माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात एका अहवालासाठी मी दाटी काढली होती. लोकसंख्या अंफोची घेतली, सव्वादोन लाखांच्या वर, आणि क्षेत्रफळ थेसाबानचं, ४०. उत्तर आलं चौरस किलोमीटरला जवळपास ५,८००. दोन्ही थेसाबानचे घेतले असते तर ३,१०० च्या आसपास आलं असतं, आणि दोन्ही अंफोचे घेतले असते तर १,५०० च्या आसपास. गटारांची क्षमता त्या चुकीच्या दाटीवर ठरणार होती. माझ्यासोबत काम करणाऱ्या एका स्थानिक अभियंत्याने एकच विचारलं, "ही माणसं कोणाच्या दप्तरात नोंदली आहेत?" तेव्हापासून तोच माझा पहिला प्रश्न असतो.

कारण थायलंडमध्ये लोकसंख्येचे बहुतेक आकडे घरनोंदणीचे असतात. प्रत्येक घराचं 'थाबियान बान' नावाचं नोंदवहीपत्र असतं, आपल्या जुन्या रेशनकार्डासारखं, पण त्याहून महत्त्वाचं. थेसाबानच्या हद्दीतली नोंद थेसाबान ठेवतं, बाहेरची अंफो ठेवतो. त्यामुळे सरकारी तक्त्यात 'अंफो मुआंग' अशी जी ओळ दिसते ती अनेकदा पूर्ण अंफोची नसते. नगरपालिकांच्या नोंदणी कार्यालयांखालची माणसं वजा जाऊन जे उरतं ते त्यात असतं. पूर्ण अंफो हवा असेल तर नगरपालिकांच्या ओळी त्यात मिळवाव्या लागतात. हे माहीत नसलेला अभ्यासक अर्धा अंफो हरवून बसतो. जन्मनोंद थेसाबानात होते, पण विवाहनोंदणीसाठी त्याच माणसाला अंफोत जावं लागतं. एकाच घरावर दोन दप्तरं कशी चालतात ते यावरून कळेल.

शिवाय नोंदणी आणि राहणं यांत फरक आहे. विद्यापीठातले हजारो विद्यार्थी गावाकडच्या घरात नोंदलेले असतात. बांधकामावर आणि हॉटेलांत राबणारे म्यानमारकडचे शान मजूर, परदेशातून येऊन महिनोनमहिने राहणारे लोक, हे त्या सव्वा लाखात नाहीतच. दुसरीकडे, शहरातली कुटुंबं सान साय, हांग दोंग, साराफी या शेजारच्या अंफोंमधल्या नव्या वसाहतींत गेली, त्यामुळे थेसाबानची नोंदलेली लोकसंख्या गेली वीसेक वर्षं घटतच आली आहे. आकडा वाचून शहर आक्रसतंय असं वाटेल. प्रत्यक्षात ते हद्दीबाहेर पसरतंय.

मग कोणता आकडा धरायचा? ते तुमच्या विषयावर अवलंबून आहे, आणि इथे सरसकट उत्तर देणं मला योग्य वाटत नाही. नगरपालिकेचं बजेट, कचरा, निवडणूक हे विषय असतील तर थेसाबान. ऐतिहासिक रचना असेल तर खंदक आणि मातीचा तट, तिथे प्रशासकीय हद्द घेऊच नका. वाहतूक किंवा वस्तीची वाढ असेल तर अंफो मुआंग आणि त्याला लागून असलेल्या अंफोंचे शहराजवळचे तांबोन एकत्र करा. तांबोनच्या पातळीचे आकडे मिळतात, कष्ट आहेत पण करण्यासारखे आहेत. मात्र नकाशावर एक सापळा आहे. थेसाबानने आपल्या हद्दीचे चार 'ख्वाएंग' केले आहेत: नाखोन पिंग, कावीला, मेंगराय, सी विचाय. बँकॉकमध्ये ख्वाएंग म्हणजे तांबोनच्या जोडीचा सरकारी विभाग, इथे तो नगरपालिकेचा अंतर्गत विभाग आहे. दोन्ही एकाच थरात टाकू नका.

पाणी हा विषय घेणार असाल, आणि नगररचनेत तो घ्यायलाच हवा, तर हद्दींचा खरा त्रास तिथे दिसेल. ५ ऑक्टोबर २०२४ ला नावारात पुलाजवळच्या पी. १ या मोजणी केंद्रावर पिंगची पातळी ५.३० मीटरवर गेली. तेव्हा धोक्याची पातळी ३.७० होती. चांग ख्लान, नोंग होय, पा दाएत हे भाग पाण्याखाली गेले. आता कोण काय करतं ते पाहा. नदीची पातळी सिंचन खातं मोजतं, ते बँकॉकच्या अखत्यारीत. आपत्तीची घोषणा नेमलेल्या गव्हर्नरच्या हाती. गल्लीतले पंप आणि वाळूची पोती महापौराच्या हाती. नदीचा वरचा भाग दुसऱ्या अंफोत, खालचा तिसऱ्या. पुराचं पाणी यातल्या कोणाचीही हद्द विचारत नाही, आणि रात्री दोन वाजता फोन कोणाला करायचा हे राहणाऱ्याला कळत नाही. ही तक्रार मी तिथल्या शेजाऱ्यांकडून इतक्यांदा ऐकली आहे की गव्हर्नर निवडून यावा ही चियांग माईतल्या काही नागरिकांची जुनी मागणी मला रास्त वाटते. आज फक्त बँकॉकचा गव्हर्नर लोक निवडतात. २०१४ च्या लष्करी उठावानंतर तर थेसाबानच्याही निवडणुका थांबल्या, त्या थेट मार्च २०२१ मध्ये झाल्या. निवडलेली साखळी किती नाजूक आहे याचा अंदाज त्यावरून यावा.

तुमच्या पहिल्या फेरीसाठी माझी एकच सूचना आहे. कार्यालयात जाण्याआधी माए खा कालव्याच्या काठाने चाला. दोई सुथेपकडून येणारं पाणी घेऊन तो शहरातून जातो, काही टप्प्यांत मातीच्या तटाला लागून वाहतो आणि दक्षिणेला पिंगला मिळतो. एका टप्प्यावर काठ नीट बांधलेले दिसतील, पर्यटक फोटो काढताना दिसतील, थोडं पुढे गेलात की पाणी काळं होईल. प्रत्येक बदलाच्या जागी थांबा, फोनवर तांबोनची आणि थेसाबानची हद्द उघडा आणि वहीत लिहा की इथे कोणाची जबाबदारी संपते. परत आल्यावर ती वही घेऊन लिहा, मी वाचून काय वाटतं ते नक्की कळवीन.